स्क्रोल सॉ शिकताना : पाते, ताण आणि पहिले जाळीकाम

स्क्रोल सॉ नव्याने हाताळणाऱ्याला सुरुवातीच्या दिवसांत ज्या अडचणी येतात, त्यांतील बहुतेक हाताच्या कसबाच्या नसून पात्याच्या असतात. रेषेवर कापताना लाकूड एका बाजूला सरकत जाते, कापलेली कड काळी पडते, पाते वारंवार तुटते, कोपरा टोकदार यायच्या ऐवजी गोल होतो, आणि मग आपल्याला हे जमणारे नाही असे ठरवून माणूस मोकळा होतो. प्रत्यक्षात पाते लाकडाच्या जाडीला न शोभणारे निवडलेले असते, सैल बसवलेले असते किंवा त्याची धार केव्हाच गेलेली असते. म्हणून या लेखात यंत्रापेक्षा पात्याबद्दल अधिक लिहिले आहे, आणि पहिल्या सरावापासून पहिल्या पूर्ण जाळीकामापर्यंतचा क्रमही त्याच अंगाने मांडला आहे.

यंत्र निवडताना आणि मांडताना

स्क्रोल सॉ म्हणजे बारीक पाते उभे ताणून धरणारी आणि ते वेगाने वर-खाली हलवणारी विजेवरची करवत. करवत जागेवर राहते आणि लाकूड दोन्ही हातांनी फिरवत पुढे सरकवायचे असते. पाते इतके अरुंद असते की त्याच्याभोवती लाकूड जवळजवळ जागच्या जागी वळवता येते. शिवाय पाते एका टोकाला सोडवून लाकडाला पाडलेल्या भोकातून ओवता येते, त्यामुळे बाहेरची कड न कापता आतला भाग कोरून काढता येतो. बँड सॉचे पाते अखंड वर्तुळाकार असल्याने तिला हे काम करता येत नाही, आणि जाळीकामासाठी स्क्रोल सॉच लागते ती याच कारणाने.

यंत्र निवडताना चार गोष्टी पाहिल्या म्हणजे पुरे. पाते आणि यंत्राची मागची बाजू यांमधील अंतर १६ इंच असेल, तर ३२ इंच व्यासाच्या फळीच्या मध्यापर्यंत पोहोचता येते, आणि छंदाच्या बहुतेक कामांना तेवढे अंतर भरपूर होते. वेग कमी-जास्त करता यावा. पाते अवजाराशिवाय, नुसत्या हाताने सोडवता आणि आवळता यावे, कारण वीस भोके असलेल्या जाळीत ही कृती वीस वेळा करावी लागते. चौथी गोष्ट अशी की यंत्राला साधी, बिनपिनेची पाती बसली पाहिजेत. टोकाला आडवी पिन असलेली पाती बसवायला सोपी असतात, परंतु ती ओवण्यासाठी पिन जाईल एवढे मोठे भोक पाडावे लागते आणि बारीक नक्षीत तेवढी जागाच नसते. फक्त पिनेची पाती घेणारे यंत्र काही महिन्यांतच अपुरे वाटू लागते.

यंत्र हादरत असेल, तर पाते कितीही चांगले असले तरी रेषा थरथरलेली येते. म्हणून ते जड टेबलाला बोल्टने आवळून बसवावे आणि मध्ये रबराचा जाड तुकडा घालावा. बसण्याची किंवा उभे राहण्याची उंची अशी ठेवावी की कोपरे टेबलाच्या पातळीला किंवा किंचित वर राहतील. खांदे उचलून काम केले की अर्ध्या तासात मान भरून येते आणि पुढची सगळी कापणी बिघडते.

पाते निवडणे

साधे पाते सुमारे ५ इंच, म्हणजे १२७ मिलिमीटर लांब असते. त्याच्या आकारमानाला क्रमांक असतात आणि क्रमांक जितका मोठा तितके पाते रुंद व जाड असते. ३ मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडला १ किंवा २ क्रमांकाचे, ६ मिलिमीटरला ३ क्रमांकाचे, १२ ते २० मिलिमीटरच्या फळीला ५ क्रमांकाचे आणि त्याहून जाड किंवा फार कठीण लाकडाला ७ किंवा ९ क्रमांकाचे पाते घ्यावे. हे ढोबळ कोष्टक आहे, नियम नव्हे. एकच क्रमांक दोन उत्पादकांच्या पात्यांवर असला, तरी त्यांतील दात्यांची संख्या वेगळी असू शकते. जाड फळीसाठी बारीक पाते वापरले तर ते वाकते आणि जळते, तर पातळ फळीसाठी मोठे पाते वापरले तर दाते लाकडात अडकून ते उचलतात आणि टेबलावर आपटतात. नवशिक्याने ३ आणि ५ या दोन क्रमांकांची भरपूर पाती घ्यावीत आणि बाकीची गरज पडेल तेव्हा आणावीत.

दात्यांच्या रचनेतही फरक असतो. एक दाता सोडून एक दाता असलेल्या पात्यांत भुसा बाहेर पडायला मोकळी जागा राहते, त्यामुळे ती थंड राहतात आणि कड कमी जळते. उलट्या दात्यांच्या पात्यात खालच्या टोकाचे थोडे दाते वरच्या दिशेला तोंड करून असतात आणि ते फळीच्या खालच्या अंगाला उठणाऱ्या चिपा कापून टाकतात, म्हणून प्लायवुडच्या जाळीकामाला हे पाते सर्वांत सोयीचे. पीळ दिलेल्या पात्याला सगळ्या बाजूंनी दाते असतात, त्यामुळे लाकूड न फिरवताही कोणत्याही दिशेला कापता येते. नवशिक्याला त्याचा मोह पडतो, पण तो आवरावा. ते पाते रुंद आणि खरबरीत खाच पाडते आणि लाकडाच्या रेषा नेतील तिकडे भटकते. यंत्राच्या पोटात फिरवता न येणाऱ्या मोठ्या चित्रफळ्यांसाठीच ते राखून ठेवावे.

बसवणे आणि ताण देणे

पाते बदलण्यापूर्वी प्लग भिंतीतून काढावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, विशेषतः यंत्र पायाच्या पेडलवर चालत असेल तर. पात्याचे दाते आपल्याकडे तोंड करून आणि खालच्या दिशेला असावेत. बारीक पात्यावर ते डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून बोटाचे टोक अगदी हलके वर आणि खाली फिरवून पाहावे. वर नेताना बोट अडखळले आणि खाली आणताना सरकले, तर पाते बरोबर आहे. उलट्या दात्यांचे पाते असेल, तर पाते धरणारी यंत्राची भुजा सर्वांत वर असताना खालचे दोन-तीनच उलटे दाते टेबलाच्या वर दिसतील असे ते बसवावे. त्याहून अधिक वर आले तर ते लाकूड उचलू लागतात.

पकडीत धरण्यापूर्वी पात्याची दोन्ही टोके बारीक पॉलिश पेपरवर एकदा ओढावीत. कारखान्यातून येताना त्यांवर तेलाचा थर असतो, त्यामुळे पकड सुटते आणि ऐन वळणावर पाते निसटते.

ताण किती द्यावा, हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो. दोन खुणा लक्षात ठेवाव्यात. पाते मधोमध बोटाने बाजूला ढकलले तर ते सुमारे ३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलू नये. नखाने छेडले तर तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वच्छ, चढा स्वर यावा. बद्द आवाज आला तर ताण कमी आहे. ताण कमी असला की पाते मागे आणि बाजूला वाकते, जाड लाकडात वरची रेषा बरोबर येऊनही खालची रेषा भलतीकडे जाते, आणि शेवटी पाते तुटते. ताण जास्त झाल्यानेच पाते तुटते अशी नवशिक्याची समजूत असते, पण वळणावर जोराने ढकलल्यामुळे तुटणारी पातीच प्रत्यक्षात अधिक असतात.

त्यानंतर टेबल पात्याशी काटकोनात आहे का ते पाहावे. लहान गुण्या लावून अंदाज येतो, परंतु त्याहून खात्रीची एक रीत आहे. सुमारे ४० मिलिमीटर जाडीचा ठोकळा घेऊन त्याच्या एका कडेला पात्याने थोडी खाच पाडावी, यंत्र बंद करावे, ठोकळा टेबलावरच अर्धा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्यावा आणि तीच खाच मागून पात्याला लावून पाहावी. पाते खाचेत सहज शिरले तर टेबल बरोबर आहे. टेबल कलले असेल, तर ठोकळा फिरवल्यामुळे तो कल दुप्पट होऊन दिसतो आणि म्हणून डोळ्यांच्या लगेच लक्षात येतो. टेबलावरच्या अंशांच्या पट्टीवर विसंबू नये, कारण ती अनेकदा एखाद्या अंशाने चुकलेली असते.

सरावाची फळी

पहिल्या दिवशी नमुना कापायला घेऊ नये. १२ मिलिमीटर जाडीच्या मऊ लाकडाच्या तुकड्यावर काही सरळ रेषा, काही नागमोडी, एक नागाच्या फण्यासारखा आकार आणि एक चौकोन पेन्सिलने काढावा. ५ क्रमांकाचे पाते लावून वेग मध्यम ठेवावा आणि आधी सरळ रेषा कापाव्यात. सरळ कापणे सर्वांत अवघड असते, हे तेव्हाच कळते.

सरळ कापताना लाकूड टेबलाच्या कडेशी काटकोनात ढकलले तरी कापणी एका बाजूला जात असल्याचे दिसेल. पाते तयार करताना दात्यांच्या एका बाजूला, बहुधा उजवीकडे, धातूची सूक्ष्म कड वर आलेली राहते, त्यामुळे त्या बाजूला पाते अधिक कापते. हा दोष यंत्राचाही नाही आणि हाताचाही नाही. लाकूड किती अंशांनी तिरपे ढकलले म्हणजे रेषा धरता येते, हे दोन-तीन रेषांत हाताला कळते, आणि नंतर प्रत्येक नव्या पात्याच्या पहिल्या इंचात ते आपोआप जुळवून घेतले जाते. याच कारणामुळे इथे सरळ कापण्यासाठी फळीला आधारपट्टी लावण्याचा उपयोग होत नाही.

हात कसे ठेवावेत याबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. दोन्ही हातांची बोटे फळीवर पसरून, पात्याच्या दोन्ही बाजूंना, पण पात्याच्या सरळ पुढे कधीही नाही, अशी ठेवावीत. एक हात फळी टेबलावर दाबून ठेवतो आणि दुसरा तिला वळवतो. दाब खालच्या दिशेने भक्कम आणि पुढच्या दिशेने अगदी थोडा असावा. पाते जितके कापते तितकेच लाकूड पुढे द्यावे. पाते मागे वाकलेले दिसले की आपण घाई करत आहोत असे समजावे. नजर पात्यावर नव्हे, तर पात्याच्या किंचित पुढच्या रेषेवर ठेवावी. रेषेवरून थोडे सरकल्यास झटक्याने परत येऊ नये, तर पुढच्या इंचभरात हळूहळू यावे. नमुना काढून टाकल्यावर रेषा नेमकी कुठे होती हे कोणालाच दिसत नाही, आणि झटक्याने घेतलेले वळण मात्र कायम दिसते.

टोकदार कोपऱ्यासाठी जागच्या जागी वळण घ्यायला शिकावे. कोपऱ्याच्या टोकाशी आल्यावर पुढे ढकलणे थांबवावे आणि यंत्र चालू ठेवूनच लाकूड किंचित आपल्याकडे ओढावे, म्हणजे पात्याची दाते नसलेली पाठ खाचेला टेकते आणि कापणी थांबते. त्या पाठीच्या आधाराने फळी चटकन, पण झटका न देता, नव्या दिशेला फिरवावी आणि दात्यांचे तोंड टाकाऊ भागातून जाईल अशी बाजू निवडावी. ३ क्रमांकाच्या पात्याने हे छान साधते, तर ९ क्रमांकाच्या पात्याने कोपऱ्यात लहानसे भोक पडते. चौकोनाचे चारही कोपरे धारदार येईपर्यंत हा सराव करावा. ते जमेना तर दुसरी रीत अशी की एका रेषेने कोपऱ्यापर्यंत जावे, त्याच खाचेतून मागे यावे, टाकाऊ भागातून वळसा घेऊन दुसऱ्या रेषेने पुन्हा त्याच कोपऱ्यावर यावे.

पहिले जाळीकाम

पहिल्या कामासाठी ६ मिलिमीटर जाडीचे, आत पोकळ जागा नसलेले चांगले प्लायवुड घ्यावे आणि दहा-बारा छिद्रांची साधी पानाफुलांची जाळी निवडावी. अखंड लाकूड वापरायचे असल्यास जाळीतील नाजूक पट्ट्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने जातील अशी फळी ठेवावी, कारण रेषांना आडवी गेलेली ४ मिलिमीटरची पट्टी हात लागताच मोडते.

फळी आधीच घासून गुळगुळीत करावी, कारण जाळी कापून झाल्यावर ती घासताना नाजूक भाग मोडतात. तिच्यावर मास्किंग टेप लावावी आणि तिच्यावर कागदाचा नमुना फवाऱ्याच्या गोंदाने किंवा गोंदकांडीने चिकटवावा. यामुळे काम संपल्यावर टेप आणि कागद एकदमच निघतात, फळीवर गोंद राहत नाही. कठीण लाकडाची कड जळत असेल, तर नमुन्यावर पारदर्शक पॅकिंग टेपचा एक थर द्यावा. त्या टेपमुळे जळणे खरोखर कमी होते.

प्रत्येक आतल्या भागात टाकाऊ बाजूला, शक्यतो कोपऱ्याजवळ, दीड मिलिमीटरचे भोक पाडावे. ड्रिल करताना फळीखाली टाकाऊ लाकूड ठेवावे आणि नंतर खालच्या बाजूच्या चिपा घासून टाकाव्यात, कारण एवढीशी चीपही फळीला टेबलावर सपाट बसू देत नाही. मग पाते खालच्या पकडीत आवळावे, भोकातून वर ओवावे, वरच्या पकडीत धरावे, ताण द्यावा आणि कापावे. मधल्या बाजूपासून सुरुवात करून कडेकडे जावे, लहान छिद्रे मोठ्यांच्या आधी आणि बाहेरची कड सर्वांत शेवटी कापावी. फळीत जोवर लाकूड शिल्लक आहे तोवर ती भक्कम असते, आणि हा क्रम त्यासाठीच आहे.

पाते केव्हा बदलावे, याबाबत नवशिके फार काटकसर करतात. लाकूड पूर्वीपेक्षा जोराने ढकलावे लागले, भुसा पडायच्या ऐवजी धुरकट वास येऊ लागला, किंवा रेषा धरणे अचानक अवघड झाले, की पाते बदलावे. लाकडाच्या कठीणपणानुसार ही वेळ पाव ते पाऊण तासाच्या कापणीनंतर येते. सागवानात ती लवकर येते, कारण त्यात सिलिका असते. बोथट पात्याने बिघडवलेली जाळी दुरुस्त होत नाही, आणि पाते ही या छंदातील सर्वांत स्वस्त वस्तू आहे. तरीही काटकसर करायची असेल तर ती अशी करावी : यंत्राचा झोका, म्हणजे पात्याची वर-खाली होणारी हालचाल, साधारण १९ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे ६ मिलिमीटरच्या फळीत पात्याची जेमतेम २५ मिलिमीटर लांबी झिजते आणि बाकीचे दाते कोरे राहतात. टेबलावर १२ किंवा २० मिलिमीटर जाडीची, मध्ये भोक असलेली सपाट फळी ठेवून काम वर उचलले, तर ते कोरे दाते वापरता येतात. उलट्या दात्यांच्या पात्याला मात्र ही युक्ती चालत नाही.

धूळ, बोटे आणि पॉलिश

हे यंत्र इतर करवतींपेक्षा सौम्य आहे, आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात. पाते तुटते तेव्हा त्याचा वरचा तुकडा क्षणभर वर-खाली होत राहतो. त्या वेळी लाकूड सोडून हात बाजूला घ्यावेत आणि यंत्र बंद करावे. सैल बाह्या, मोकळे केस आणि हातमोजे टाळावेत व चष्मा लावावा. धुळीची काळजी तर यापेक्षाही जास्त घ्यावी, कारण चेहरा कापणीपासून हातभर अंतरावर असतो आणि भुसा पिठासारखा बारीक असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला मानवी कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांत स्थान दिले आहे. लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या एमडीएफ फळीच्या गोंदात फॉर्मल्डिहाइड हा घातक वायूही असतो. रेषा दिसावी म्हणून भुसा फुंकून उडवणाऱ्या नळीने धूळ नाहीशी होत नाही, ती फक्त हवेत जाते. त्यामुळे व्हॅक्यूमची नळी टेबलाखाली लावावी आणि चेहऱ्यावर नीट बसणारा एन-९५ मास्क वापरावा.

कापून झाल्यावर टेप काढावी, मागच्या बाजूची बारीक कुसे २२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासावीत आणि छिद्रांतील भुसा मऊ ब्रशने झाडावा. जाळीला ब्रशने वार्निश लावल्यास कोपऱ्यांत थेंब साचतात, म्हणून तेलात बुडवून निथळणे किंवा फवाऱ्याचे लॅकर पातळ थरांत मारणे बरे. जवसाचे तेल वापरल्यास एक इशारा गंभीरपणे घ्यावा : तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळून टाकलेल्या तेलकट चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात. त्या बाहेर सपाट पसरून सुकवाव्यात किंवा पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात.

प्रत्येक कामाच्या मागे लाकूड, जाडी, पात्याचा क्रमांक आणि अंदाजे वेग पेन्सिलने लिहून ठेवावा. दुसऱ्या छंदी माणसाला काम दाखवताना सुरेख छायाचित्रापेक्षा या चार गोष्टी जास्त उपयोगी पडतात, आणि त्याचे काम पाहताना आपणही त्याच विचाराव्यात. नमुना दुसऱ्याने रेखाटलेला असेल, तर त्याचे नाव सांगावे आणि त्याच्या परवानगीशिवाय नमुन्याच्या प्रती वाटू नयेत.

पुढची कामे

एक जाळी जमली की त्याच नमुन्याच्या ३ मिलिमीटरच्या चार फळ्या एकावर एक ठेवून कापाव्यात. कडांना टेप गुंडाळून किंवा टाकाऊ भागात बारीक खिळे मारून त्या घट्ट धराव्यात, आणि टेबलाचा काटकोन पुन्हा तपासावा, कारण तो चुकला असेल तर वरची आणि खालची जाळी वेगळी येते. ही रीत जुनी आहे. आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या फ्रेंच कारागिराचे नाव ज्या जडावकामाला मिळाले, त्यात पितळ आणि कासवाच्या पाठीचे पत्रे असेच एकत्र कापून एकाची नक्षी दुसऱ्याच्या खाचेत बसवत असत. वेगळ्या रंगांच्या दोन लाकडांनी तोच प्रयोग घरी करता येतो.

लहान मुलांसाठी चित्रकोडे करायचे असेल, तर ६ मिलिमीटरच्या फळीवर चित्र चिकटवावे आणि २ क्रमांकाच्या पात्याने आधी लांब पट्ट्या, मग पट्ट्यांचे तुकडे असा क्रम ठेवावा. १७६०च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी याने लाकडावर चिकटवलेले नकाशे कापून विकले, ते भूगोल शिकवण्यासाठी होते, आणि देशांच्या सीमा याच त्याच्या कापणीच्या रेषा होत्या. नवशिक्यालाही नकाशाचे कोडे सोपे जाते, कारण त्यात एकमेकांत अडकणाऱ्या खुंट्या कापाव्या लागत नाहीत.

उठावाचे काम मात्र थोडे गणित करून करावे. टेबल थोडे कलते करून एखादा आकार कापला, तर तो तुकडा शंकूसारखा निमुळता होतो आणि मागून ढकलल्यावर खाच भरून निघेपर्यंत पुढे सरकून घट्ट बसतो. ५ क्रमांकाचे पाते साधारण ०.४५ मिलिमीटरची खाच पाडत असेल आणि टेबल ३ अंश कलले असेल, तर तुकडा सुमारे साडेआठ मिलिमीटर वर येतो. कल २ अंशांवर आणला, तर तो जवळजवळ १३ मिलिमीटर येतो. म्हणजे अधिक उठाव हवा असल्यास कल वाढवायचा नसून कमी करायचा असतो. तुकडा पुढे येईल की मागे जाईल, हे टेबल कोणत्या बाजूला कलले आहे आणि आकाराभोवती कोणत्या दिशेने कापले आहे यावर अवलंबून असते, म्हणून त्याच जाडीच्या टाकाऊ तुकड्यावर आधी एक वर्तुळ कापून पाहावे आणि जी दिशा बरोबर ठरेल तिचा बाण नमुन्यावरच काढून ठेवावा.